कामून

चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. माझे उरलेले आयुष्य यापुढे या एका नियमावर बेतायचे आहे, असे मला बीदरमधल्या त्या खोलीत पहिल्याच दिवशी सांगण्यात आले.

सांगणारी फिजिओथेरपिस्ट कलबुर्गीकडची होती, माझ्या मुलाहूनही वयाने लहान. तिला मराठी येत नव्हते आणि माझे कन्नड सरकारी परिपत्रकांपुरते. त्यामुळे आमच्या भागात दोन भाषांची माणसे जिथे येऊन भेटतात त्या दखनीत आम्ही दोघेही उतरलो. "सर, बात करते करते चलना. बात करने में दम टूटा तो समझो जास्ती हुआ. गाना गाने कू आया तो समझो सुस्ती हुई. बीच में रहना, बस." मी मान डोलावली. मान डोलवायला दम लागत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आले. "मुँह से बोलो सर," ती म्हणाली.

श्रावणात, नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असताना माझ्या जबड्यात कळ आली. दाढेचे दुखणे समजून मी हातातला शब्द पूर्ण केला, त्यावर अनुस्वारही दिला, आणि मग खडू गळून पडला. सहकाऱ्यांनी उचलून गाडीत घातले. संध्याकाळपर्यंत कलबुर्गीच्या एका रुग्णालयात मनगटातून नळी घालून हृदयाची बंद झालेली वाहिनी उघडण्यात आली होती. मुलगा बेंगळुरूहून आला, दहा दिवस राहिला, औषधांचे डबे सकाळ-दुपार-संध्याकाळ असे लावून दिले आणि परत गेला. त्याचे काही चुकले नाही. त्याची आई जाऊन चार वर्षे झाली आहेत. बीदरजवळच्या नौबादच्या घरात तेव्हापासून मी एकटाच असतो आणि घरात बोलण्याची सवय आम्हा बापलेकांना तिनेच लावलेली होती, ती तिच्याबरोबर गेली. आता तो रोज फोन करतो. "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "बरं." एवढ्यात फोन संपतो.

पुढे सहा आठवड्यांनी मला या 'पुनर्वसना'ला पाठवण्यात आले. पुनर्वसन हा शब्द मी तोवर धरणाखाली गेलेल्या गावांसाठीच वापरला होता. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. बीदरच्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक लांब खोली, तिच्यात दोन स्थिर सायकली, एक चालण्याचा पट्टा, आणि बाहेर व्हरांड्यात दोन टोकांना ठेवलेले दोन नारिंगी शंकू. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत चालायचे, वळायचे, परत यायचे. चालणाऱ्याच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावलेला असे.

बाकीचे सगळे जोडीने येत. कुणाची बायको, कुणाची सून, कुणाचा भाऊ. त्यांतले एक निवृत्त बस-ड्रायव्हर माझ्याच वेळेला यायचे, आणि त्यांची बायको त्यांच्या बरोबरीने शंकूला वळसे घालायची. तिला आजार नव्हता. पण नवरा गप्प बसला की तो मेला असे समजायची तिची रीत होती.

"पैंतीस साल बस चलाया मास्टरसाब," ते मला चालता चालता सांगत, "अब डॉक्टर बोलते, पैदल चलो."

"बस में बी इत्ताच बड़बड़ करते थे," बायको मागून म्हणे. "सवारियाँ बीच में उतर जाते थे."

"तेरे सरीका तिकट नै लेको बैठने वाला कोई नै था."

त्या दोघांचा वेग नियमाप्रमाणे अचूक असे. त्यांना कधीच कुणी हटकले नाही.

मला मात्र फिजिओथेरपिस्ट प्रत्येक तिसऱ्या फेरीला सांगे, "सर, बात करो." कुणाशी करायची? मी मराठीचा शिक्षक. मला जे तोंडपाठ होते ते मी म्हणू लागलो. विभक्तीचे प्रत्यय. प्रथमा, प्रत्यय नाही. द्वितीया, स, ला, ते. तृतीया, ने, ए, शी. तीस वर्षे वर्गात घोकून घेतलेले ते प्रत्यय मी त्या व्हरांड्यात पुन्हा घोकले. पंचमीपर्यंत दम पुरे, षष्ठीला थोडा लागे. सप्तमीनंतर संबोधन येते. संबोधनाच्या एकवचनाला प्रत्यय नाही; ज्याला हाक मारायची त्याचे नुसते नाव घ्यायचे असते. तिथे पोचलो की माझी गाडी थांबे. थांबायचे काही कारण नव्हते, नाडी ठीक असे. मी पाणी पिण्याचे निमित्त करी.

"ये पाठ हुआ सर," एक दिवस ती म्हणाली. "बात नै हुई."

"मैं मन में बोलता," मी म्हणालो.

हे ड्रायव्हरसाहेबांनी ऐकले. "मन में बात करने कू दम लगता क्या मास्टरसाब?" त्यांनी विचारले, आणि ते हसले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरेच उत्तर हवे होते. मी शंकूला वळसा घातला, पण घरी आल्यावरही तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. मनातल्या मनात मी आयुष्यभर बोललो होतो. मनातल्या मनात मी एका माणसाची शेकडो वेळा क्षमाही मागितली होती. त्याला दम लागला नव्हता.

आम्हाला प्रत्येकाला एक वही दिलेली होती. ज्या दिवशी केंद्रावर यायचे नाही त्या दिवशी घरी अर्धा तास चालून तिच्यात नोंद करायची: किती मिनिटे, नाडी किती, छातीत काही जाणवले का. शेवटचा रकाना होता, सोबत कोण होते. पहिले दोन आठवडे मी तो कोरा ठेवला. तिसऱ्या आठवड्यात तिने वही उघडली, कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "घर में कोईच नै सर?" तिच्या आवाजात दया होती. दया मला कधी सोसली नाही. त्या दिवशी घरी येऊन मी तिन्ही आठवड्यांच्या रकान्यांत, कोऱ्या राहिलेल्या जुन्या तारखांपुढेसुद्धा, सुवाच्य अक्षरात 'बहीण' असे लिहिले.

तिने पुढच्या वेळी वही पाहिली आणि तिला आनंद झाला. "अक्का आए क्या? अच्छा हुआ." आमच्याकडे कुणाचीही बहीण अक्काच असते, पण तिने तो शब्द उच्चारला तेव्हा चिमट्यातला माझा आकडा वर गेला, आणि तोही तिने टिपून घेतला.

माझी अक्का बसवकल्याण तालुक्यात कोहिनूरला राहते. आम्ही मूळचे कमठाण्याचे. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि अक्का अकराची. तिची शाळा तिसरीत सुटली ती माझ्यासाठी. मला काखेत घेऊन ती खुरपायला जायची, मला बांधावर बसवायची, आणि ओळ संपली की येऊन माझ्या तोंडातली माती काढायची. मी शिकलो, मास्तर झालो, आणि ज्या भाषेत तिने मला वाढवले ती भाषा हळूहळू सोडली. सोडली म्हणजे कशी, तर मुलांच्या वह्यांत त्या भाषेचा एकेक शब्द लाल शाईने गोल करत सोडली.

आठ वर्षांपूर्वी नौबादच्या घराची वास्तुशांती होती. लातूरहून एक वयोवृद्ध प्राध्यापक आले होते. माझे लेख वाचलेले, मला मान देणारे. अक्का आदल्या दिवसापासून राबत होती. जेवणाच्या पंगतीत ती वाढायला आली, प्राध्यापकांच्या पानासमोर वाकली आणि म्हणाली, "कामून जेवनात ओ? भाजी तिखट झालीया का?" ते हसून काही बोलणार, एवढ्यात मीच बोललो. "अक्का, 'कामून' नव्हे. 'का' म्हणावं. आणि तू आत बस, वाढायला माणसं आहेत."

पंगतीत काहीजण हसले. मोठ्याने नव्हे, हसल्यासारखे. अक्काने पळी भांड्यात ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बरं, सर."

तिने त्यापूर्वी मला कधी सर म्हटले नव्हते. दुपारच्या बसने ती न जेवता गेली. संध्याकाळी पत्नी म्हणाली, "वन्संना फोन करा." मी म्हणालो, उद्या करतो. त्या 'उद्या'चा अबोला झाला.

अबोला आमच्या घरात नवा नव्हता. आमचे वडील अप्पा आणि चुलते एका अंगणात राहून कित्येक वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. काही सांगायचेच झाले तर अप्पा कुत्र्याला सांगत, "उद्या पान्याची पाळी आपली हाय म्हनावं," आणि चुलते त्याच कुत्र्याला उत्तर देत. अबोला म्हणजे बोलणे बंद होणे नव्हे. मध्ये कुणीतरी लागते, एवढेच. आमच्या मध्ये माझी पत्नी होती. ती अक्काला दर आठवड्याला फोन करी, आणि स्वयंपाक करता करता भिंतीला सांगितल्यासारखे सांगे, "वन्संची म्हैस व्यायली." मी वर्तमानपत्र वाचत असे. पण पान उलटत नसे.

पत्नी गेली त्या दिवशी अक्का आली. तिने तिला न्हाऊ घातले, मळवट भरला, बायकांच्यात बसून रडली. मी दाराशी उभा होतो. खोलीतून बाहेर येताना ती माझ्या अगदी जवळून गेली, तिच्या पदराचा वास आला, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही, कारण ज्या बाईने आमचे बोलणे एकमेकांना पोचवायचे ती आत जमिनीवर निजलेली होती. श्रावणात मुलाने विचारले, आत्याला कळवू का? मी म्हणालो, कशाला उगाच त्रास.

तर अशा बहिणीच्या जिवावर मी दीड महिना माझ्या वहीत खोटे चाललो. मिनिटे खरी होती, नाडीही खरी होती.

नवव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने जाहीर केले की पुढच्या शनिवारी घरच्या माणसांनी यायचे आहे. घरी कुणाला त्रास झाला तर काय ओळखायचे, छाती कशी दाबायची, कुणाला बोलवायचे, हे त्यांना शिकवायचे होते. तिने यादी केली. माझ्या नावापुढे मला न विचारताच 'अक्का' असे लिहिले. "लाओ सर उनकू. मेरे कू देखना है, इत्ते दिन से आपके संग चल रहे."

खरे सांगून टाकायला ती जागा योग्य होती. मी सांगितले नाही. मी दुसऱ्या दिवशी कोहिनूरला निघालो. तिला एका शनिवारापुरते यायला विनवावे आणि माझे खोटे खरे करून घ्यावे, हा माझा पहिला हेतू होता; तो आज मी लपवत नाही. क्षमा मागणे त्याच्यासाठी आवश्यक होते म्हणून मी क्षमेचे एक वाक्यही बांधले होते. बीदरपासून बसवकल्याणपर्यंत ते मी मनात घासत आलो. बसवकल्याणच्या स्टँडवर कोहिनूरच्या दोन बस माझ्यासमोरून गेल्या. तिसरीत मी चढलो.

पोचलो तेव्हा ऊन कलले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळत आलेली. अक्का गोठ्यात धार काढायला बसली होती. तिची पाठ मला आठवत होती तिच्यापेक्षा फार लहान वाटली. तिने मान वळवून मला पाहिले आणि पुन्हा म्हशीकडे तोंड केले.

"पावनं आलंय बग गं," ती म्हशीला म्हणाली. "बाजंवर बस म्हनावं."

मी बाजेवर बसलो.

"रांजनात पानी हाय म्हनावं. आपल्या हातानं घ्यावं. शिकलेली मानसं हायत, वाट दावाय नको."

मी उठून पाणी प्यालो. मग उभ्या उभ्याच माझे वाक्य म्हटले. "अक्का, वास्तुशांतीच्या दिवशी माझ्याकडून जे वर्तन घडले, त्याबद्दल मला मनापासून खेद वाटतो."

धार तशीच चालू होती. "आगं, ह्यो तर कागद वाचायलाय," ती म्हशीला म्हणाली. "आता सही बी करंल."

मला हसू आले, आणि त्याच क्षणी आठवले की अक्का मुळात किती विनोदी होती. आठ वर्षांत मी तिचा अपमान विसरलो नव्हतो, पण तिचा विनोद विसरलो होतो. दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा मीही म्हशीकडे वळलो.

"तिला सांग," मी म्हणालो, "श्रावणात मला हार्टचा झटका आला होता. आता बरा आहे मी."

धार थांबली.

"कवा?" तिने विचारले. म्हशीला नव्हे.

"श्रावणात."

"शरावनात. आता मार्गेसर सरायलाय." ती बोटांवर काही मोजत राहिली. "जवळ कोन व्हतं?"

"शाळेतले."

"घरात?"

"कुणी नाही."

ती उठली. बादली हातात तशीच. माझ्या छातीकडे पाहिले, जणू सदऱ्यावरून काही दिसणार होते. "मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुला त्रास नको म्हणून."

"खोटं बोलायलास." मग ती म्हशीकडे वळली आणि अबोला पुन्हा जागेवर गेला. "खोटं बोलाय बी शुद्धच लागतंय गं ह्येला."

तिने दूध तापवले. डॉक्टरांनी साय मना केली आहे असे मी म्हशीला सांगितले; अक्काने बोटाने साय बाजूला ओढली आणि पेला माझ्यापुढे ठेवला. मी शनिवारचे विचारले. वहीतल्या खोट्याबद्दल मात्र बोललो नाही. तिने बराच वेळ चूल सारखी केली. "न्हाई जमत म्हनावं. म्हशीला कोन बघंल? आन् तितं मोठी मोठी मानसं आसत्याल. आपल्याला बोलाय येत न्हाई."

शेवटचे वाक्य तिने साधेपणाने म्हटले. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. आठ वर्षे ती तसे समजून राहिली होती. चौसष्ट वर्षांच्या माझ्या बहिणीला, जिने मला बोलायला शिकवले, मी पटवून दिले होते की तिला बोलता येत नाही.

बसथांब्यापर्यंत ती सोबत आली. पाऊण किलोमीटर असेल. गुडघ्यांमुळे ती हळू चालते, म्हणून मीही हळू चाललो, आणि आम्ही एक शब्द बोललो नाही. आजारानंतर पहिल्यांदाच माझ्या चालण्यात सोबत होती. नियमाचा अर्धाच भाग पाळला गेला. बस आली तेव्हा ती कंडक्टरला म्हणाली, "पावन्याला खिडकीपशी जागा दे रं. जरा आजारी हाय."

त्या खिडकीपाशी बसून मी तिच्या प्रश्नाचा विचार करत होतो, आणि प्रश्नाच्या आधी त्या शब्दाचा. तीस वर्षे मी तो लाल शाईने गोल केला होता. आमच्या भागात 'का' विचारायला तीन शब्द आहेत. कन्नड माणूस 'याके' म्हणतो, दखनीत 'कायकू' म्हणतात, आमची माणसे 'कामून' म्हणतात. पहिल्या दोघांना मी कधी अशुद्ध म्हटले नाही. आणि 'कामून' म्हणजे तरी काय? 'का म्हणून'. घाईत, पोटतिडकीने, एका श्वासात म्हटलेले 'का म्हणून'. 'का' नुसते कारण मागतो. कारण कसलेही देता येते, मी दिलेच होते. 'का म्हणून' विचारणारा म्हणतो, मनाशी काय म्हणालास आणि तसे केलेस? आत काय बोललास ते सांग. मी व्याकरणाचा शिक्षक, आणि माझ्या घरातल्या सर्वांत नेमक्या शब्दाला मी चूक ठरवून बसलो होतो. पत्नी असती तर तिला सांगितले असते. शेजारच्या सीटवर तांदळाचे पोते होते.

सोमवारी मी फिजिओथेरपिस्टला वही दिली आणि सांगितले की शेवटचा रकाना खोटा आहे. बहीण कधीच आली नव्हती.

तिला आधी समजले नाही. घाईत ती तिच्या भाषेत गेली. "याके सर?" मग सावरून, "झूठ कायकू लिखे?"

दोन दिवसांत तिसऱ्या भाषेत तोच प्रश्न. मी म्हणालो, "शरम के मारे." दखनीत ते सोपे गेले. परक्या भाषेत खरे बोलायला दम लागत नाही, असे मला त्या वेळी वाटले.

ती रागावली नाही. तिने सगळ्या पानांवरचे 'बहीण' एकेक करून खोडले, मला समोर बसवून. मग म्हणाली, "फोन तो है ना अक्का के पास? सुबू चलते चलते फोन पे बात करो. वो बी साथ में चलनाच हुआ." शनिवारी बाकीच्यांची माणसे आली. मी एका बाजूला खुर्चीवर बसून पाहत होतो. ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोने रबरी छातीवर इतका जोर लावला की नवरा ओरडला, "आहिस्ता, मार डालती क्या!" तिने माझ्याकडे पाहून म्हटले, "मास्टरसाब, आपके वास्ते बी सीक ली मैं." ती शाहगंजला राहते, मी नौबादला. तरी मला ते ऐकून बरे वाटले.

अक्काचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून पत्नीने पेन्सिलीने लिहून ठेवला होता, वर 'वन्सं'. तो मी टिपून घेतला आणि सकाळी रस्त्याला लागून लावला.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

"मी, अक्का."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बोला." मला तिने अहोजाहो केले. मी तिला चालण्याचा नियम सांगितला, बोलता यावे, गाता येऊ नये. "मंग चाला की," ती म्हणाली. तिने फोन गव्हाणीत ठेवला असावा, कारण त्यानंतर मला म्हशीचा श्वास आणि बादलीत पडणारी धार एवढेच ऐकू येत राहिले. मी बोलत राहिलो. घरात काय शिजवले, शाळेतले कोण भेटले, कमठाण्याच्या शिवारातली कुठली विहीर बुजली. मधूनच ती म्हशीला म्हणे, "आईक गं, तुज्यासाटी बातम्या लागल्यात."

असे दहा-बारा दिवस चालले. रोज बरोबर साडेसहाला मी फोन लावतो, आणि ती उचलते. न उचलण्याचाही तिला अधिकार आहे, हे मला प्रत्येक घंटीला वाटते.

परवा मी कॉलनीच्या शेवटच्या वळणाशी होतो, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे. तिने एकाएकी विचारले, "मला कामून सांगितलं न्हाईस?" मध्ये म्हैस नव्हती.

मला उत्तर येत होते. प्रमाण भाषेत ते तीन प्रकारे बांधता आले असते. मी कॉलेजात गेलो तेव्हापासून जी भाषा तोंडात घेतली नव्हती तिच्यात ते म्हणालो.

"लाज वाटायली व्हती, अक्का."

कसली लाज, हे मी सांगितले नाही. वास्तुशांतीच्या दिवशी तिची वाटली ती, की त्यानंतर आठ वर्षे स्वतःची वाटत राहिली ती. दोन्हींना ते एकच वाक्य पुरत होते.

"व्हय," अक्का म्हणाली. "दिसत व्हतं की."

मी रस्त्यात उभा होतो. बोलायला गेलो तर शब्द फुटेना. बोटाला चिमटा असता तर त्याने काय दाखवले असते, ठाऊक नाही.

"दम कामून लागायलाय?" ती म्हणाली. "थांबलास काय? थांबू नको. चाल."

मी चालू लागलो. टाकीपर्यंत मला एक अख्खे वाक्य बोलता आले नाही, आणि माझा वेग तर अगदी संथ होता. तिनेही पुढे काही विचारले नाही. पण फोन ठेवला नाही. बादली भरत आली की धारेचा आवाज जाड होत जातो. तो तसा होईपर्यंत मी फोन कानाशी धरून चालत राहिलो.